‘पूर्ण झाले आहे’ : क्रूस पुरेसा आहे म्हणजे नेमकं काय?

अण्णांनी विकास सोसायटीचं कर्ज फेडलं तेव्हा मी नववीत होतो. दरसाल ऊसबिलातून कपात होत होत शेवटी आकडा संपला, सोसायटीनं बेबाकी दाखला दिला आणि आईनं त्या दिवशी पोळ्या केल्या. पुढं अकरा वर्षांनी ठिबकसाठी बँकेत जायचं म्हणून मी सातबारा काढला, तर ‘इतर हक्क’ या रकान्यात तो बोजा जसाच्या तसा बसलेला! दाखला घेऊन तलाठ्याकडं जायचं, फेरफार धरायचा, मंडल अधिकाऱ्यानं तो मंजूर करायचा आणि मग त्या नोंदीला कंस व्हायचा (म्हणजे ती रद्द धरली जायची), एवढं काम राहून गेलं होतं. घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “म्हंजी आजून हायच का ते? मग व्याज किती झालं आसंल?”

दाखला त्यांच्याच ट्रंकेत होता. शेवटचा पैसा त्यांनी स्वतःच्या हातानं भरला होता. तरी पहिला प्रश्न आला तो व्याजाचा.

आमच्या मंडळीत मी तरुणांचा बायबल वर्ग घेतो. सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातली साधी मंडळी आहे, निम्मी पोरं पलूस आणि कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला. दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एक प्रश्न हमखास येतो. क्रूस पुरेसा आहे असं आपण गातो, शिकवतो. मग उपवास कशाला, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला) कशाला, आणि एवढं करूनही मनातली टोचणी जात का नाही? अण्णांच्या व्याजाच्या प्रश्नाइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. उदाहरण कुठं तोकडं पडतं तेही सांगेन.

सहावं वचन

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आपण क्रूसावरची सात वचनं ऐकतो. अडीचच्या सुमाराला सहावं येतं. पंखे गरम वारा फेकत असतात, मुलं पेंगलेली असतात आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द नेमका तेव्हाच वाचला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात येशूनं आंब घेतली आणि म्हटलं, “पूर्ण झाले आहे.” (आंब म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब आठवते, पहाटे फडकं फिरवून पिळून घेतात ती. इथली आंब म्हणजे शिपायांचा आंबट द्राक्षारस.)

मूळ ग्रीकमध्ये हा एकच शब्द आहे, ‘टेटेलेस्टाय’. त्याचं क्रियापद ‘शेवटाला नेणं, तडीस नेणं’ या अर्थाचं. त्याचा काळ असा की काम मागं कधीतरी झालं आणि झालेलं आजही तसंच आहे. मराठीत हे फार सहज उतरलंय. ‘पूर्ण झाले’ आणि ‘पूर्ण झाले आहे’ यांतला फरक आपल्या कानाला कळतो. पहिलं वाक्य बातमी देतं, दुसरं आजची स्थिती सांगतं. त्या ‘आहे’वर बोट ठेवून थांबावं असं मला वाटतं. काही प्रवचनांत सांगतात की त्या काळी फिटलेल्या पावत्यांवर हाच शब्द लिहीत. या गोष्टीबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, आणि तिचा आधार घ्यायची गरजही नाही. शब्दात मुळातच पुरेसं बळ आहे.

काय पूर्ण झालं? इथं नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा 10वा अध्याय काढावा. लेखक एक साधीच गोष्ट दाखवतो: मंदिरातला याजक रोज उभा असतो. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूच्या, सामानाची यादी आहे, कोश, मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, होमवेदी, गंगाळ. बसायला काही नाही. ‘दयासन’ हे नाव आहे खरं, पण ते कोशाचं झाकण. त्यावर कुणी याजक बसत नसे. काम संपतच नव्हतं, तर बसणार कसा? आज यज्ञ, उद्या यज्ञ, परवा तोच यज्ञ. आणि मग लेखक म्हणतो, ख्रिस्तानं पापांबद्दल एकच यज्ञ केला आणि तो बसला. दिवसभर खुरपून आलेली आई चूल विझवून, भांडी पालथी घालून टेकते, तेव्हा घरातल्या सगळ्यांना कळतं की आजचं काम संपलं. तसं ते बसणं. ‘एकदाच’ हा शब्द या पत्रात पुन्हा पुन्हा येतो.

हातचिठ्ठी आणि माफी

आता बोज्याकडं येऊ. प्रेषित पौल कलस्सैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात लिहितो की आपल्याविरुद्ध असलेलं ऋणपत्र देवानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळून रद्द केलं. मूळ शब्दाचा अर्थ ‘हातानं लिहिलेलं’ असा, म्हणजे कर्ज घेणाऱ्यानं स्वतःच्या अक्षरात दिलेली हातचिठ्ठी. आरोप दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही, अक्षर आपलंच. ‘खोडलं’ या शब्दामागंही एक चित्र आहे. त्या काळची शाई काजळी आणि डिंकाची. ती कागदात मुरत नसे, ओल्या बोळ्यानं पुसली की जाई. गुन्हेगाराचा आरोप पाटीवर लिहून क्रूसावर लावायची रीत होती. येशूच्या डोक्यावर ‘यहूद्यांचा राजा’ ही पाटी तीन भाषांत होती. पौल म्हणतो, त्या खिळ्यांनी तुझीही चिठ्ठी तिथंच ठोकली.

इथं माझं उदाहरण तोकडं पडतं. अण्णांनी स्वतःचं कर्ज स्वतः फेडलं होतं. क्रूसाची गोष्ट माफीची आहे, आणि माफी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. 2019 साली दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर झाली तेव्हा ते पैसे हवेत विरले नाहीत. सरकारच्या तिजोरीतून बँकांना गेले. कर्ज माफ होतं तेव्हा कुणीतरी ते सोसतं. सावकारानं स्वतः माफ केलं, तर सोसणारा सावकारच. हे आपल्या मातीत ठाऊक असलेलंच आहे: तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ऋणको मोकळे झाले, तोटा तुकोबांच्या घरानं सोसला. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले आणि आयुष्याची शेवटची वर्षं साताऱ्यात काढलेले कवी ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. ही खतांची गोष्ट वाचताना मला तो पूल पायाखाली जाणवतो.

म्हणून क्रूसाकडं बघताना एक चूक फार जपून टाळायला हवी. रागावलेला देव एका बाजूला, बिचारा पुत्र दुसऱ्या बाजूला, आणि पुत्रानं मार खाऊन बापाचा राग शांत केला, असं चित्र रंगवलं जातं. पौल करिंथकरांना लिहितो ते वेगळं आहे: देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. ज्याचं येणं होतं त्यानंच बुडीत सोसलं. एवढं एक वाक्य पोरांना कळलं तरी वर्ग सार्थकी लागला असं मी समजतो. प्रायश्चित्ताचे बाकीचे सिद्धान्त, सैतानाकडून सोडवणूक, सन्मानाची भरपाई, मरणावर विजय, हे शतकानुशतकं मांडले गेलेत आणि प्रत्येकात काहीतरी खरं आहे. पण सुरुवात इथून करावी.

कर्जमाफीत आणखी एक गोष्ट झाली होती. नियमित फेडणारे कुरकुरले, “आम्ही वेळेवर भरलं, आमची काय चूक?” पुढं त्यांच्यासाठी पन्नास हजारांचं प्रोत्साहन आलं. ती कुरकुर मी घरातच ऐकलीय, आणि ती खोटी नव्हती. लूकच्या 15व्या अध्यायातला थोरला मुलगा हेच म्हणतो. इतकी वर्षं मी राबलो, मला कधी करडू मिळालं नाही. क्रूस पुरेसा आहे या शिकवणीचा सगळ्यांत जास्त त्रास पापी माणसाला होत नाही, नियमित फेडणाऱ्याला होतो. शेजारच्या क्रूसावरच्या चोराला येशू म्हणतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या चोराकडं ना बाप्तिस्मा, ना दशांश, ना एक दिवसाची सेवा. ही गोष्ट गोड वाटते ती आपण स्वतःला चोराच्या जागी ठेवतो म्हणून. गावातला ज्यानं आपलं वाटोळं केलं असा एखादा माणूस तिथं ठेवून बघावा.

‘अधिक काहीतरी’

पुरेसं म्हणजे काय, हे त्यात भर घालायला गेलं की कळतं. गलतीकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे, तो आपल्याकडं नीट शिकवला जात नाही याचं मला वाईट वाटतं. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परजातीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडची काही यहूदी माणसं आली आणि तो हळूच पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदीही उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर अडवलं. आपल्या भाषेत या प्रकाराला नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. पेत्रानं कुठलीही खोटी शिकवण दिली नव्हती, फक्त पाट हलवला होता. आणि त्याच प्रसंगाच्या शेवटी पौल म्हणतो, नियमशास्त्रानं (मोशेचे नियम पाळून) नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्ताचं मरण फुकट गेलं.

जेवायला वेगळं बसणं आणि क्रूस फुकट जाणं, एवढी मोठी उडी पौल का मारतो? कारण वेगळं बसणारा न बोलता सांगतो की ख्रिस्तानं याला आत घेतलं खरं, पण माझ्या शेजारी बसायला आणखी काहीतरी लागतं. ते ‘आणखी काहीतरी’ काहीही असो, तिथं क्रूस अपुरा ठरतो.

आपल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाचा प्याला एक असतो. पण स्थळं बघायला बसलो की आपणही हळूच विचारतो, “मागची जात कुठली?” सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न आजही विचारला जातो, मी स्वतःच्या नात्यात ऐकलाय. क्रूस पुरेसा आहे असं रविवारी गाऊन सोमवारी हा प्रश्न विचारणारा माणूस अंत्युखियातल्या पेत्राच्याच पाटावर बसलाय. हे मला सौम्य शब्दांत सांगता येत नाही.

दुसरी भर अलीकडची आहे. अभिषेकाच्या तेलाची बाटली, प्रार्थना केलेला रुमाल, ‘बीज पेरा, शंभरपट घ्या’ म्हणून मागितलेले पैसे. आजारी लेकराची आई शेवटचे पाचशे रुपये काढून देते तेव्हा तिच्या मनात काय असतं ते मला कळतं, तिला दोष नाही. पण तिच्याकडून ते घेणारा तिला सांगतो की क्रूसावर झालं ते तुझ्या कामासाठी कमी पडतंय.

तिसरी भर सगळ्यांत घरगुती. “देवा, एवढं काम होऊ दे, तीन शुक्रवार उपवास करतो.” उपवास चांगला आहे, येशूनं स्वतः केला. तो हप्ता झाला की बिघडतं.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला जुना वादही इथंच येतो, पण त्यावर फार रेंगाळायला नको. मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, येशूचा यज्ञ पुन्हा केला जातो, असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. कॅथलिक शिकवण तसं म्हणत नाही. तोच एकदाचा यज्ञ तिथं साक्षात समोर येतो, असं ती म्हणते. मतभेद आहेत, खरे आहेत. तरी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये लुथरन मंडळ्यांचा संघ आणि कॅथलिक चर्च यांनी मिळून घोषणा केली की देव माणसाला स्वीकारतो तो कृपेनं, आमच्या कुठल्याही गुणामुळं नाही. 1517 पासूनच्या, म्हणजे मार्टिन लूथरपासूनच्या, भांडणात एवढं एकत्र म्हटलं गेलं, हे लहान नाही.

मग करायचं काय उरलं?

वर्गात हा प्रश्न विचारताना पोरांचे डोळे चमकतात. फिटलंच आहे तर वाटेल तसं वागू! पौलालाही हेच विचारलं गेलं होतं. रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात तो म्हणतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? कधीच नाही.

मी पोरांना बांधाचं विचारतो. समज, तू शेजाऱ्याचा बांध कोरलास. दरसाल नांगरटीला वीतभर आत सरकलास. मग तुझं मन फिरलं, तू क्षमा मागितलीस, देवाकडची चिठ्ठी पुसली गेली. आता बांध? बांध मागं घ्यावाच लागतो. जक्कयाची गोष्ट बघ. लूकच्या 19व्या अध्यायात येशू आधी ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ म्हणतो, त्याच्या घरी जातो, आणि त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, लुबाडलेलं चौपट परत देतो. क्रम उलटा असता, म्हणजे ‘आधी चौपट दे, मग तुझ्या घरी येतो’, तर तो व्यवहार झाला असता. बांध मागं सरकवल्यानं देवाशी नातं जुळत नाही. नातं जुळलेल्या माणसाला कोरलेला बांध डोळ्यांसमोर सहन होत नाही. याकोब म्हणतो की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, तो हेच म्हणतो.

मिरजेत 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तिथं आणि त्यानंतर या भागात पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांनी, डॉक्टरांनी रात्री जागवल्या. यातल्या कुणी ती सेवा स्वर्गाचा हप्ता म्हणून केली असती, तर मला वाटतं लवकरच थकून गेले असते. हप्ता भरणारा माणूस घड्याळ बघतो.

एक वचन मात्र खरंच अडचणीचं आहे आणि ते लपवू नये. कलस्सैकरांस पत्राच्या 1ल्या अध्यायात पौल लिहितो की ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं राहिलंय ते मी आपल्या देहात भरून काढतो. उणं राहिलंय? मग पुरेसं कसं? इथं ‘क्लेश’ हा शब्द आहे तो छळ-हालअपेष्टांचा; क्रूसावरच्या प्रायश्चित्तासाठी नवा करार तो शब्द वापरत नाही. पौल तुरुंगात आहे. झालेल्या कामाची बातमी अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही आणि ती पोचवताना हाल होतात, ते हाल तो आपल्या वाट्याला घेतोय. फेडीत उणं काही नाही. फिरायला वाट अजून बरीच आहे. बेबाकी दाखला ट्रंकेत असतो, पण तो घेऊन कुणीतरी गावात फिरावं लागतं.

आणि टोचणी? ती का जात नाही? मला वाटतं, अण्णांसारखंच. वर्षानुवर्षं कर्जात राहिलेल्या मनाला देण्याची सवय लागते. ते सातबारा उघडतं, बोजा बघतं आणि व्याज मोजायला बसतं. अशा वेळी स्वतःच्या भावनांशी वाद घालून उपयोग होत नाही, ट्रंक उघडून कागद बाहेर काढावा लागतो. मी त्या संध्याकाळी तेच केलं. अण्णांच्या हातात दाखला दिला, शिक्का दाखवला, तारीख वाचली. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. पुढं फेरफार झाला, कंस पडला, त्याला आणखी दोन महिने लागले. पण कर्ज त्या दोन महिन्यांतही नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात माझी मावशी मिरजेच्या एका दवाखान्यात डायलिसिसवर होती. पाण्यावर बंधन, दिवसाला मोजून इतकंच. ओठ सुकलेले. मला म्हणाली, “कुठल्या पापाची फेड चाललीय रं ही माज्या?” योहानाच्या 9व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, कुणी पाप केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशूनं दोन्ही नाकारलं. मी तिला ते सांगितलं. म्हटलं, “मावशी, फेड म्हणून काही उरलेलं नाही. आजार आहे, तो आजारच आहे.” तिचं समाधान झालं नाही, ते मला दिसलं. मग मी मोबाइलवर योहान 19 काढला आणि ‘पूर्ण झाले आहे’ वाचायला घेतलं. तिनं हात वर केला.

“त्येच्या आदीचं वाच.”

मी वर गेलो. ‘मला तहान लागली आहे.’

ती बराच वेळ छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, “त्यालाबी पानी न्हाई दिलं व्हय. आंब दिली.” आणि थोड्या वेळानं, “हां, आता म्होरलं वाच.”